मुंडगोडचे मठ नक्कल आहेत काय?

तापीकाठ, भुसावळ :
कर्नाटकातील द्रेपुंग, गांदेन आणि सेरा या तिबेटी मठांत मूळचे केवळ नाव उरले आहे, खरे मठ ल्हासाजवळच राहिले, असे येथे काल लिहिले गेले. ते वाचून गप्प बसवत नाही. द्रेपुंगची स्थापना १४१६ ची. १९५९ च्या तिबेटी उठावानंतर तेथून आलेल्या भिक्षूंनी बंगालमधील बक्सा येथील जुन्या ब्रिटिश तुरुंगात, क्षयाने सोबती दगावत असतानाही, पाठांतर आणि वादविवाद थांबू दिले नाहीत. पुढे दहाएक वर्षांनी कर्नाटकातील मुंडगोडला येऊन, शेती करत, लोसेलिंग आणि गोमांग ही आपली विद्यापीठे त्यांनी पुन्हा उभी केली. याला नक्कल म्हणायचे?

गिरणाकाठ, चाळीसगाव :
ते मी लिहिले आणि त्यावर मी ठाम आहे. गांदेनचे संस्थापक चोंखापा यांची तेथील समाधी चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत उद्ध्वस्त झाली. ती मुंडगोडला कशी आणणार? ल्हासाजवळच्या त्याच वास्तूंत आजही भिक्षू राहतात, ते मग कोण? आमच्या जवळच्या पितळखोऱ्यातून संघ केव्हाच निघून गेला, तरी त्या लेण्यांना आपण विहारच म्हणतो.

तापीकाठ :
विहार म्हणतो खरे, पण तेथे शिकवतो कोण?

सातपुडा, तळोदा :
तत्कालीन म्हैसूर राज्याने (आजच्या कर्नाटकाने) परदेशातून आलेल्यांना जमीन दिली आणि संघ एकत्र राहू दिला, याचा मला आनंदच आहे. पण नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाने अक्कलकुवा आणि अक्राणीतील ३३ गावे बाधित केली, त्यांचे काय? १९७९ च्या नर्मदा पाणीतंटा लवादाने बुडालेल्या जमिनीला जमीन सांगितली होती. आमची भावकी तीन पुनर्वसन वसाहतींत विखुरली. गावदेव पाण्याखाली गेला आणि त्याची पूजा कोणत्या वसाहतीत करायची यावरून सख्खे भाऊ अजूनही भांडतात.

तापीकाठ :
भाऊ, दुःख मान्य आहे, परंतु विषय मठांचा आहे.

सातपुडा :
विषय तोच आहे, तुम्हाला तो आपल्या दारात नको आहे इतकेच! त्या भिक्षूंना गुरू, शिष्य आणि शेत एकाच ठिकाणी मिळाले, म्हणून त्यांचा मठ टिकला. आमच्याकडे पूजा सांगणारा म्हातारा एका वसाहतीत आणि ती शिकू शकणारी पोरे दुसरीकडे.

गिरणाकाठ :
एवढ्यापुरते मान्य करतो की, संघ एकत्र राहिला म्हणून मुंडगोडला विद्या टिकली. समाधीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र तापीकाठांनी अजून दिलेले नाही.