‘अण्णांचं घर’ ग्रुपवर: ईशाला अमेरिकेत अर्ज करायचाय

मीनल (मिसिसागा): सगळ्यांना नमस्कार. ईशाचं ग्रेड 11 महिन्याभरात संपतंय. पुढच्या वर्षी तिला अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटींना अर्ज करायचाय, बायोइंजिनीअरिंगसाठी. इथल्या टोरंटो, वॉटर्लू, मॅकमास्टर आहेतच. ज्योतीताई, तुमच्या तेजसच्या वेळी तुम्ही सगळं केलंय. सुरुवात कुठून करायची?

सुहास (पुणे): अरे वा, ईशा! मीनल, इथे पुण्यात एक जण आहेत. अर्ज, निबंध, व्हिसा, सगळं पॅकेजमध्ये करून देतात. आमच्या सोसायटीतली तीन मुलं त्यांच्याकडूनच गेली. नंबर देऊ का?

सचिन (मिसिसागा): दादा, कॅनडातून जाताना व्हिसा लागत नाही ना. बफेलो आमच्यापासून गाडीने दीड तासावर.

ज्योतीताई (ऑटवा): सचिन, इथेच थांब. व्हिसा लागत नाही तो कॅनडाच्या नागरिकाला. तुम्ही तिघं अजून पीआरवर, म्हणजे कायम राहायच्या परवान्यावर आहात आणि हातात पासपोर्ट भारताचा आहे. नागरिक असलेल्या मुलाला युनिव्हर्सिटीचा आय-20 (प्रवेश दिल्याचा कागद) मिळाला, सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची, 350 डॉलर फी भरली, की ते कागद घेऊन थेट सीमेवर जाता येतं. पीआरवाल्या मुलीला हे सगळं करून शिवाय एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसाची मुलाखत द्यावी लागते, टोरंटोच्या अमेरिकन वकिलातीत, भारतीय म्हणून.

सचिन: पीआर असूनसुद्धा?

ज्योतीताई: असूनसुद्धा. आणि मुलाखत हा त्यातला छोटा भाग आहे. मोठा भाग लिहिते, जरा वेळ द्या.

ज्योतीताई: पीआर टिकवायला पाच वर्षांतले 730 दिवस कॅनडात असावं लागतं. शिकायला बाहेर गेलात तरी ते दिवस धरत नाहीत. ईशाची डिग्री चार वर्षांची. दर उन्हाळा घरी घालवला तर गणित कसंबसं जमेल. पण इंजिनीअरिंगची मुलं उन्हाळ्यात इंटर्नशिप करतात, ती तिकडेच मिळते. दोन उन्हाळे तिकडे गेले आणि डिग्रीनंतर वर्षभर तिकडे नोकरी केली की 730 भरत नाहीत. म्हणजे बावीस-तेविसाव्या वर्षी हातात चांगली डिग्री आणि तुम्ही ज्यासाठी सगळं सोडून आलात ते कॅनडाचं कार्ड धोक्यात. मुलांना प्रवेश कुठे मिळाला याची सगळे चौकशी करतात, हे कुणी विचारत नाही. माझ्या ओळखीत एका घरात हे झालंय. त्या मुलीची आई माझ्यासमोर रडली होती. म्हणून सांगते, कॉलेजांची यादी नंतर करा. आधी ईशाची सिटिझनशिप.

मीनल: ताई, वाचून पोटात गोळा आला.

सचिन: ताई, मी का थांबलोय तुला माहितीये. दिंडोरीकडची ती दोन एकर घ्यायची आहेत. भारताचं नागरिकत्व गेलं की शेतजमीन विकत घेता येत नाही.

ज्योतीताई: माहितीये. ओसीआयवाल्याला, म्हणजे भारताने कार्ड दिलेल्या भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला, फ्लॅट घेता येतो, शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि तू बाहेर राहतोयस तोवर भारताचा पासपोर्ट असूनही तुला ती विकत घेता येत नाही. पुढे परत जायचं असेल तर तुझं थांबणं मी चुकीचं म्हणत नाही. पण तू थांबलास म्हणून ईशाने थांबायला नको. 2017 मध्ये कॅनडाचा कायदा बदलला. तेव्हापासून अठराच्या आतलं पीआर असलेलं मूल आईबाबांनी अर्ज केला नसला तरी स्वतःचा अर्ज करू शकतं. मागच्या पाच वर्षांत इथे 1,095 दिवस राहिलेलं असलं पाहिजे. तुम्ही येऊन सहा वर्षं होऊन गेली.

अण्णा (नाशिक): सचिन, माझ्या नावावरची जमीन तुम्हा तिघांना वारसाने मिळणारच आहे. ज्योती कॅनेडियन झाली तेव्हा मी वकिलांना विचारून घेतलं होतं, वारसाने आलेली शेतजमीन ओसीआयला ठेवता येते. विकत घ्यायची दोन एकर सुहासच्या नावावर घेऊ. सातबारा कुणाच्या नावावर यावरून या घरात आजवर भांडण झालेलं नाही. पोरीचं काम आधी करा.

सुहास: अण्णा, मी तयार आहे. सचिन, ती मी माझ्याच पैशांनी घेतो.

सचिन: दादा, फोन करतो रात्री.

ईशा (मिसिसागा): आत्या, मग माझा भारताचा पासपोर्ट जाणार?

ज्योतीताई: हो बाळा. भारत दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही. तो पासपोर्ट जमा करून ओसीआय कार्ड काढायचं. नाशिकला येणं-जाणं, राहणं, सगळं त्यावर होतं. मी तेव्हा तो निळा पासपोर्ट पाकिटात घालताना दोनदा बाहेर काढून पाहिला होता. वाईट वाटतं, ते खरं आहे. आईबाबांशी बसून बोल आणि मग ठरव. अर्ज भरायच्या दिवशी जे नागरिकत्व असेल तेच फॉर्मवर खरं लिहायचं. नंतर बदललं तर युनिव्हर्सिटीला कळवायचं, त्यांना त्याची सवय असते.

तेजस (बॉस्टन): ईशा, एक गोष्ट तू याच आठवड्यात कर. जून संपायच्या आत दोन शिक्षकांना शिफारसपत्रासाठी विचार. एक गणित किंवा सायन्सचे, एक इंग्लिश किंवा हिस्टरीचे. सुट्टी लागली की इथले शिक्षक ईमेल बघत नाहीत, आणि सप्टेंबरात सगळे एकदम मागे लागतात.

ईशा: दादा, आमच्या शाळेत कुणीच अशी पत्रं मागत नाही.

ज्योतीताई: तिथेच तर गोम आहे. ऑन्टारियोच्या युनिव्हर्सिटी मुख्यतः ग्रेड 12 चे सहा विषय बघतात. शाळा मार्क परस्पर पाठवते. वॉटर्लूसारख्या काही ठिकाणी वर एक वेगळा फॉर्म, बाकी काही नाही. अमेरिकेला ग्रेड 9 पासूनचे मार्क लागतात, काउन्सेलरचं पत्र लागतं, शिक्षकांची पत्रं लागतात, शाळेबद्दल माहितीचा कागद लागतो, आणि ग्रेड 12 अर्धं झालं की मधल्या मार्कांचा रिपोर्ट. तिकडच्या शाळांत काउन्सेलर हे रोज करतात. इथे एकेका काउन्सेलरकडे शेकडो मुलं असतात आणि अमेरिकेला अर्ज करणारी त्यात दोन-चार.

तेजसचा मधला रिपोर्ट फेब्रुवारीत गेलाच नाही. काउन्सेलरना वाटलं मार्क आपोआप जातात, जसे इथे जातात. तेजसला पोर्टलवर त्या ओळीपुढे ‘मिळाले नाही’ दिसत राहिलं, आणि त्याला वाटलं की आज नाही तर उद्या बदलेल. मार्च उजाडल्यावर मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी कामावरून अर्धी सुट्टी काढून शाळेत गेले, त्या बाईंच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले, आणि कुठलं बटण दाबायचं ते आम्ही दोघींनी मिळून शोधलं. बाई भल्या होत्या, त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मीनल, तू सप्टेंबरातच भेट. कुठला कागद, कुठे, कधीपर्यंत, हे एका पानावर लिहून त्यांच्या हातात दे. आभाराचं पत्रही आठवणीने दे.

मीनल: लिहून ठेवलं. टक्क्यांचं जीपीए करून द्यायचं का?

तेजस: नको मामी. शाळा टक्के देते तर टक्केच लिहायचे. शाळेच्या माहितीपत्रावरून ते समजून घेतात. एसएटी या प्रवेशपरीक्षेचं मात्र आत्ता बघा. एमआयटी आणि हार्वर्डने ती किंवा तशीच एसीटी परत सक्तीची केलीय. कॅलिफोर्नियाची सरकारी युनिव्हर्सिटी बघतसुद्धा नाही. ऑगस्टच्या परीक्षेला जवळच्या सेंटरच्या जागा लवकर भरतात. आमच्या वेळी मला किंग्स्टनला जाऊन द्यावी लागली होती.

सुहास: निबंधाचं काय? आमच्या इथले ते सर निबंध छान करून देतात म्हणे.

तेजस: मामा, मनापासून सांगतो, तो दुसऱ्याकडून करून घेऊ नये. कॉमन ॲपचा, म्हणजे बऱ्याच युनिव्हर्सिटींना चालणाऱ्या एकाच अर्जाचा, मुख्य निबंध 650 शब्दांपर्यंतचा असतो. मी पहिला खर्डा लिहिला तो ‘दोन संस्कृतींमधला मुलगा’ असा होता. वाचला तर त्यात मी कुठेच नव्हतो. मग मी शनिवारी आइस रिंकवर स्केटना धार लावायचो त्यावर लिहिलं. पातं चाकावरून एका दमात न्यावं लागतं, मध्येच हात थांबला की खाच पडते, आणि ते स्केट एखाद्या सहा वर्षांच्या पोराच्या पायात जाणार असतात. बस, एवढंच लिहिलं. सात खर्डे झाले.

ईशा: माझ्याकडे असं काही नाहीये.

मीनल: ईशा, वॉकरचं सांग ना.

ईशा: आईच्या नर्सिंग होममध्ये मी व्हॉलंटिअरिंगला जाते, तिथे एक आजोबा आहेत. संधिवातामुळे त्यांना वॉकरचा ब्रेक दाबता येत नाही. मी सायकलच्या हँडलचं जाड रबर कापून ब्रेकवर बसवलं. पहिलं निसटलं. दुसरं फार जाड झालं, त्यांची बोटं त्याभोवती मिटेनात. तिसरं बसलं. फिजिओथेरपिस्टने तपासून मग वापरू दिलं.

तेजस: ईशा, हे आजच्या आज वहीत लिहून ठेव. निसटलेलं आणि जाड झालेलंसुद्धा.

अण्णा: शाब्बास पोरी. मला या गुडघ्यासाठी विचारायचं होतं तुला.

सचिन: ताई, आता पैशांचं. खरं सांग.

ज्योतीताई: खरं सांगते. हार्वर्डचा 2025-26 चा खर्च, शिकणं, राहणं, जेवण धरून, जवळपास 87 हजार अमेरिकन डॉलर. आपल्या डॉलरमध्ये वर्षाला 1 लाख 20 हजारांच्या आसपास. टोरंटोला इंजिनीअरिंगची फी ऑन्टारियोच्या मुलांना 14-15 हजार कॅनेडियन, आणि ईशा घरून जाऊ शकते. हा फरक तिच्यासमोर मांडा, ती लहान नाही.

आता दुसरी बाजू. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲम्हर्स्ट, बोडन ही कॉलेजं परदेशी मुलांनासुद्धा घरची ऐपत न बघता निवडतात आणि मग जेवढं कमी पडतं तेवढं स्वतः भरतात, कर्ज नाही. पेन हे असं कॅनडाच्या नागरिकांसाठी करते. तुमच्या दोघांच्या पगारावर टोरंटोपेक्षा फार जास्त पडणार नाही, कदाचित कमीच. पण तिथे प्रवेश मिळणं किती अवघड आहे ते सगळ्यांना माहीत आहे. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली हेही निवडीत बघतात.

आणि सरकारी युनिव्हर्सिटीच्या मोहात पडू नका. विंडसरच्या नदीकाठी उभं राहिलं की समोर डेट्रॉइट दिसतं, त्यामुळे मिशिगन आपलीच वाटते. तिला मिशिगनच्या लोकांच्या करातून पैसे मिळतात. आपण बाहेरचे, फी 60 हजार अमेरिकन डॉलरच्या वर. फॅफ्सा, म्हणजे अमेरिकन सरकारच्या मदतीचा फॉर्म, आपल्याला भरता येत नाही, तो अमेरिकनांसाठी. आपल्याला सीएसएस प्रोफाइल, कॉलेजकडे मदत मागायचा फॉर्म. त्यात टी4 (पगाराचा कागद) आणि नोटीस ऑफ असेसमेंट (टॅक्सचा कागद) तर मागतातच, पण भारतातली मालमत्तासुद्धा विचारतात. सचिन, तुझ्या नावावर जे आहे ते सगळं लिहायचं, काही लपवायचं नाही.

मीनल: ईशाच्या शिक्षणासाठी साठवलेला आरईएसपी अमेरिकेला चालतो का?

ज्योतीताई: चालतो. बाहेरच्या युनिव्हर्सिटीत पूर्णवेळ कोर्स असला की मिळतो. सरकारने घातलेले आणि वाढलेले पैसे पहिल्या 13 आठवड्यांत 8 हजारांपर्यंतच काढता येतात, बाकीचे पुढे. तुम्ही भरलेल्या मुद्दलाला ती मर्यादा नाही. आणि तिकडून टीएल11ए फॉर्म भरून घ्यायचा, तो इथल्या टॅक्सला लागतो. विमा युनिव्हर्सिटीचाच घ्या. ओहिप, आपला ऑन्टारियोचा सरकारी आरोग्य विमा, बाहेरच्या हॉस्पिटलला दिवसाला जास्तीत जास्त 400 डॉलर देतं, तिकडे तेवढ्यात काही होत नाही.

तेजस: ईशा, जाशील तेव्हाची एक गोष्ट. सीमा ओलांडल्यावर आपला आय-94, म्हणजे अमेरिकेत शिरल्याची नोंद, लगेच उघडून बघ. माझ्यावर पहिल्यांदा ‘पाहुणा’ अशी नोंद पडली होती. आय-20 माझ्या बॅगेत होता, मी दाखवलाच नाही, कारण कुणी मागितला नाही. युनिव्हर्सिटीने सांगितलं परत बाहेर जा आणि नीट आत ये. पहिल्याच आठवड्यात बसने परत यावं लागलं. खिडकीपाशी गेल्या गेल्या आय-20 पुढे कर आणि स्टुडंट म्हणून सांग. पासपोर्ट कुठलाही असो.

सचिन: ताई, पुढे नोकरीला?

ज्योतीताई: डिग्रीनंतर एक वर्ष, इंजिनीअरिंगला आणखी दोन. पुढे कॅनडाच्या नागरिकाला टीएन, म्हणजे तिकडे नोकरीचा परवाना, मिळू शकतो, इंजिनीअर त्या यादीत आहेत. पीआरला तो नाही. बघ, परत तिथेच आलो.

सुहास: मीनल, मी त्या सरांचा नंबर देत नाही. ईशा, निबंध झाला की मला वाचायला पाठव, मी फक्त वाचेन.

ईशा: उद्या फिजिक्सच्या सरांना विचारते. इंग्लिशच्या मिसना विचारायची भीती वाटते, त्यांनी मला 81 दिले होते.

तेजस: त्यांनाच विचार. त्यांनी तुझे खर्डे वाचलेत.

सचिन: ईशाच्या पासपोर्टचे शिक्के काढून बसलोय, कॅनडाबाहेरचे दिवस मोजायचेत. 2022 च्या डिसेंबरात आपण नाशिकला होतो, शिक्का पुसट झालाय. किती दिवस होतो ते कुणाला आठवतंय का?

अण्णा: डायरीत आहे. 16 डिसेंबरला पहाटे आलात, 25 जानेवारीला रात्री निघालात. 41 दिवस.