मदत हवी आहे: औषध सुरू केल्यापासून लेकाच्या शी-शूची घडी पार विस्कटली आहे (नाशिक)

इंदिरानगरची_आई
मुलगा सात वर्षांचा, ऑटिझम आहे. पाचव्या वर्षी डायपर सुटलं होतं, रात्रीचंसुद्धा. त्यासाठी दीड वर्ष घातलंय मी. आता औषध सुरू केल्यापासून रात्री गादी ओली आणि गेले दहा दिवस दिवसातून पाच-सहा वेळा चड्डी खराब. पातळ, चिकट. शाळेतून रोज फोन येतो. काल तर म्हणाले, डायपर घालून पाठवा नाहीतर घरीच ठेवा. उद्यापासून औषध बंद करणार आहे. कोणाला असा अनुभव आहे का? लवकर सांगा प्लीज.

गंगापूररोड_७८
कोणतं औषध? फिटचं, झोपेचं, चिडचिडीचं? किती आणि कधीपासून? एवढ्यावरून कोण काय सांगणार?

सातपूरचा_बाबा
ताई, बंदच करा. माझ्या मुलीचं याच औषधाने तीन महिन्यांत चार किलो वजन वाढलं, दिवसभर पेंगायची. आम्ही गहू आणि दूध पूर्ण बंद केलं. सहा महिन्यांत पोट सुधारलं आणि मुलगी शांत झाली. डॉक्टर हे सांगत नाहीत.

गंगापूररोड_७८
दादा, 'याच औषधाने' म्हणजे? त्यांनी अजून नावच सांगितलेलं नाही.

इंदिरानगरची_आई
रिस्पेरिडोनचं सिरप, रात्री अर्धा मिली. दिवाळीनंतर सुरू केलं. भिंतीवर डोकं आपटायचा, स्वतःचा हात चावायचा, रक्त येईपर्यंत. ते खरंच कमी झालंय, म्हणून तर बंद करायला जीव होत नाही. जुलाबासाठी मेडिकलवाल्याकडून लोपरामाइड आणलंय, दोन दिवस देतेय, उपयोग शून्य.

ओटी_देवळाली
लोपरामाइड आत्ताच्या आत्ता थांबवा. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लहान मुलांना ते देत नाहीत. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, डॉक्टर नाही, पण अशी मुलं रोज बघते. तीन गोष्टी सांगा: नीट बांधलेली शी शेवटची कधी झाली? पोट फुगलेलं, कडक लागतं का? आणि दुसरं कुठलं औषध चालू आहे का?

पंचवटीची_आजी
पोरी, रात्री चमचाभर एरंडेल गरम दुधातून दे. आमच्या घरात पाच लेकरं अशीच वाढली. आणि आता द्राक्षांचे दिवस आहेत, पोटभर खाऊ घाल.

इंदिरानगरची_आई
आजी, तो दहीभात, मारी बिस्किट आणि दूध एवढंच खातो. द्राक्षाला हातसुद्धा लावत नाही.
ओटी ताई, नीट शी... आठवत नाही. तीन आठवडे झाले असतील. बेंबीखाली टणक लागतं. आणि हो, एक छोटी पांढरी गोळी आहे, ट्रायहेक्सिफेनिडिल. मान आखडत होती म्हणून दिली. ती सांगायची राहिलीच.

ओटी_देवळाली
मग हे जुलाब नसावेत. आत वाळलेल्या शीचा खडा अडकला की त्याच्या कडेने पातळ झिरपतं, आणि ते मुलाला कळतच नाही. एकदा शी करताना दुखलं की मूल धरून ठेवतं. धरलं की आणखी कडक होते. मोठं आतडं शेवटाला ताणलं जातं आणि आलेली जाणीव मंदावते. आपल्या मुलांना शरीराच्या आतल्या खुणा मुळातच उशिरा कळतात. तोच गोळा मूत्राशयावर दाबतो, म्हणून शूसुद्धा सुटते. ती पांढरी गोळी आतड्याची हालचाल मंदावते. रिस्पेरिडोननेही बद्धकोष्ठ होतं, अंथरुण ओलं होतं. म्हणजे कारणं एकावर एक बसलीत. तो मुद्दाम करत नाहीये, हे शाळेलाही सांगा.
बालरोगतज्ज्ञांना उद्याच दाखवा. उलट्या, ताप, शीतून रक्त किंवा पोट फुगून दुखत असेल तर उद्याचीही वाट बघू नका. आणि एरंडेल अजिबात देऊ नका, खडा असताना फक्त कळा येतील.

पंचवटीची_आजी
आमच्या वेळी यातलं काही नव्हतं, तरी मुलं मोठी झालीच. पण लेकराला दुखू नये एवढंच माझं म्हणणं.

सातपूरचा_बाबा
म्हणजे शेवटी औषधच कारणीभूत ना? मग बंद करा म्हटलं तर काय चुकलं?

गंगापूररोड_७८
एकदम बंद करा म्हटलंत ते चुकलं. ५ ते १६ वर्षांच्या ऑटिस्टिक मुलांच्या तीव्र चिडचिडीसाठी अमेरिकेत २००६ साली या औषधाला मान्यता मिळाली. ते अचानक तोडलं तर जुना त्रास उसळून येतो, हातापायांच्या नको त्या हालचाली सुरू होऊ शकतात. माझ्या मुलाचं आम्ही घरच्या घरी बंद केलं होतं. चौथ्या दिवशी त्याने खिडकीची काच फोडली, हाताला टाके पडले. कमी करायचं ते लिहून देणाऱ्याला विचारूनच. ताई, पाणी जास्त पितोय का, वजन वाढलंय का, तेही सांगा त्यांना. रात्रीची शू वाढली तर लघवी आणि साखर तपासायला हवी.

सातपूरचा_बाबा
तुमचा मुलगा वेगळा, माझी मुलगी वेगळी. दूध कमी करा एवढं तरी ऐका.

ओटी_देवळाली
दुधाचं पटतं. नुसत्या दुधावर राहणाऱ्या मुलांना बऱ्याचदा बद्धकोष्ठ होतं. गहू बंद करून ऑटिझम सुधारतो याला मात्र भक्कम पुरावा नाही. आणि जे मूल तीनच गोष्टी खातं त्याचं मारी बिस्किटही काढून घ्यायचं?

सिडको_पालक
यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलंय का? सिव्हिलला प्रमाणपत्र मिळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. निरामय हा सरकारी आरोग्य विमाही काढा, वर्षाला एक लाखापर्यंत, ओपीडी आणि थेरपीचाही खर्च मिळतो.

इंदिरानगरची_आई
दादा, कार्डाचं नंतर बघते. आत्ता चौथी चड्डी धुतेय.

*(नऊ दिवसांनी)*

इंदिरानगरची_आई
उशीर झाला, माफ करा. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, डावीकडे खाली खडा हाताला लागला. शी मऊ करणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली, पहिले काही दिवस वाढत्या मात्रेत. ते दिवस फार वाईट गेले, सगळं घर धुतलं. चौथ्या दिवशी जे बाहेर पडलं ते बघून मी रडले. एवढं पोटात घेऊन माझं लेकरू शाळेत बसत होतं आणि मी त्याला रागावत होते. आता पावडर रोज, काही महिने तरी. मध्येच सोडायची नाही. लघवी आणि साखर ठीक आहे. रिस्पेरिडोन तेवढंच ठेवलं, पांढरी गोळी हळूहळू कमी करतायत.
चड्डी दिवसातून एकदा खराब होते आता. रात्रीचं अजून तसंच आहे.
जेवणानंतर वीस मिनिटांनी कमोडवर बसवते, पायाखाली पाट, पाचच मिनिटं. झाली नाही तरी उठवते. पण शाळेत इंडियन संडास आहे, तिथे तो आतच जात नाही. काय करू?

ओटी_देवळाली
पाच मिनिटं बरोबर. शाळेचं सांगते, पण आधी कळू दे: दारातच अडतो, की आत जाऊन बसत नाही? वास, अंधार, फ्लशचा आवाज, यातलं काय? आणि सोबत कोण जातं?