संस्थेच्याच डिझाइन-छपाई विभागाकडून काम करून घ्यायचंय, काय काळजी घ्यावी?

अनुक्रमणिका
नमस्कार मंडळी,
आमच्या संस्थेत पाच आठवड्यांनी परिषद आहे. सारांशांची पुस्तिका (मराठी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर), एक घडीपत्रक, चार पोस्टर आणि प्रमाणपत्रं असं सगळं छपाईचं काम माझ्याकडे आलंय. संस्थेचा स्वतःचा डिझाइन आणि छपाई विभाग आहे, पण मी आजवर तिथे कधी गेलेले नाही. काही सहकारी म्हणतात बाहेरून करून घे, झटपट होईल. घरचा विभाग असताना बाहेर जाणं मला पटत नाही. ज्यांनी अशी कामं करून घेतली आहेत त्यांनी सांगाल का, किती आधी जावं, सोबत काय न्यावं आणि बाहेर जाणं कधी योग्य?

शाईचा_ठिपका
मी अशाच एका विभागात बरीच वर्षं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आजच जा. मजकूर तयार नसला तरी जा. वार्षिक अहवाल, माहितीपुस्तिका, मोठे समारंभ यांचे दिवस आमच्याकडे ठरलेले असतात आणि तेव्हा मशीन मोकळं नसतं. तारीख आधी कळली तर तुमच्या कामासाठी जागा धरून ठेवता येते. फॉर्मवर ‘तातडीचे’ असं लिहू नका. तारीख लिहा, आणि तीही परिषदेची नको, गठ्ठे तुमच्या हातात हवेत ती. छापून झाल्यावर घड्या, पिना, कटिंग यालाही वेळ लागतो, तो लोक धरतच नाहीत.

दुरुस्त्या एकाच माणसाच्या हातून येऊ द्या. एकदा एका कामात एकाने पीडीएफवर खुणा केल्या, दुसऱ्याने फोनवर सांगितलं आणि तिसऱ्याने वर्डची नवीच फाइल पाठवली. त्या गोंधळात माझ्या हातून जुनी फाइल छपाईला गेली आणि अख्खा गठ्ठा रद्दीत टाकावा लागला. अजून आठवलं की वाईट वाटतं. तेव्हापासून मी फाइलच्या नावात तारीख घालते आणि समोरून एकच नाव मागते.

मजकूर वर्डमध्ये साधा द्या. स्पेस मारून, चौकटी टाकून केलेली मांडणी काढण्यातच आमचा अर्धा दिवस जातो. फोटो वर्डमध्ये चिकटवू नका, मूळ फाइल वेगळी द्या. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबून लहान होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. छपाईला साधारण ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) लागतो, म्हणजे १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो चार इंचांपर्यंतच चांगला छापला जातो. मोबाइलच्या पडद्यावर तो कितीही छान दिसू दे.

ओळीवर_ओळ
मी मुद्रितशोधन करतो. पुस्तिकेत मराठी आहे म्हणून मुद्दाम लिहितोय.

सगळे सारांश युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर तसंच दिसणारं टायपिंग) आलेत का ते आधी बघा. काही जण अजूनही श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाइप करून पाठवतात. त्यांचं रूपांतर करता येतं, पण रूपांतरानंतर मजकूर पुन्हा अक्षरन् अक्षर वाचायला हवा. डिझाइनरला सांगा की इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय सुरू ठेवा. तो नसेल तर जोडाक्षरं फुटतात, पाय मोडलेली अक्षरं दिसतात आणि पहिली वेलांटी भलत्याच जागी जाऊन बसते.

प्रूफ (तपासायची छापील प्रत) हातात आलं की ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाङ्मय’, ‘कर्तृत्व’, ‘उद्घाटन’ असे शब्द आधी शोधा. गडबड झाली असेल तर पहिल्यांदा तिथेच दिसते. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का तेही बघा, बऱ्याच फाँटमध्ये ते हिंदी वळणाचे येतात. मला तरी मराठी पुस्तिकेत ते खटकतात.

प्रूफ कागदावरच वाचा. नावं आणि पदं दोघांनी मिळून वाचावीत, एकाने मूळ यादी मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवायचं. प्रमाणपत्रांची नावं एक्सेलमध्ये द्या म्हणजे परत टाइप करावी लागत नाहीत.

अनुक्रमणिका
खूप आभार! आज जाऊन आले. तिथल्या ताईंनी पहिलाच प्रश्न विचारला, पानं किती? मी म्हटलं पन्नास. त्या म्हणाल्या, मधे पिन मारायची तर ४८ करा नाहीतर ५२. मग एक कोरा कागद दुमडून त्याची चार पानं कशी होतात ते दाखवलं आणि लगेच डोक्यात बसलं. घडीपत्रकासाठीही तसंच. ए-फोरच्या तीन पट्ट्या सारख्या करायच्या नसतात, आत जाणारी २-३ मिलिमीटर अरुंद ठेवायची, नाहीतर ती घडीत फुगते. १००, १०० आणि ९७ अशी मापं त्यांनी पेन्सिलने लिहून दिली.

एक शंका. पोस्टरचा निळा रंग पडद्यावर झगझगीत होता, नमुन्यात तो दबलेला वाटला. मशीनमुळे असेल का?

शाईचा_ठिपका
मशीनचा दोष असेलच असं नाही. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो, कागदावरचा चार शायांचा. झगझगीत निळे, हिरवे आणि केशरी रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे या चार शायांत, उतरतातच कमी. अंतिम काम ज्या कागदावर आहे त्याच कागदावर नमुना मागा, कारण साध्या कागदावर आणि आर्ट पेपरवर तोच रंग वेगळा दिसतो. पोस्टरची पार्श्वभूमी कडेपर्यंत रंगीत असेल तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग) हवाच, नाहीतर कटिंग जरा सरकलं की पांढरी रेघ दिसते. प्रमाणपत्रांवर हाताने सही होणार असेल तर चकचकीत लॅमिनेशन घेऊ नका, पेन चालत नाही.

कोरा_कागद
बाहेर कधी जावं ते राहिलंच. प्रती हजारोंनी असतील तर ऑफसेट (प्लेट बनवून होणारी छपाई) परवडतं, कारण प्लेटचा खर्च सगळ्या प्रतींवर वाटला जातो. कापडी बांधणी, मोठे फ्लेक्स अशा गोष्टीही आतल्या विभागात बहुधा होत नाहीत. पण तेव्हाही डिझाइन आतच करून घ्या आणि बाहेर छापायला द्यायच्या आधी विभागाला विचारा, बऱ्याच संस्थांत तसा नियम असतो. काम बाहेर करून घेतलंत तर ओपन फाइल (डिझाइनची बदल करता येणारी मूळ फाइल) मागून घ्या, पुढच्या वर्षी नुसती तारीख बदलायची असली तरी ती लागते. कर्व्ह केलेल्या (अक्षरांचे नुसते आकार केलेल्या) पीडीएफमध्ये एक शब्द बदलणंही कठीण जातं.

आणि आतलं काम फुकट असतं असं धरून चालू नका. अनेक ठिकाणी कागद आणि छपाईचा खर्च तुमच्या विभागाच्या खात्यातून वळता होतो. अंदाज लेखी घ्या आणि तो कोणत्या शीर्षाखाली जाणार ते लेखा विभागाला आधीच विचारून ठेवा.

अनुक्रमणिका
खर्चाचं अगदी वेळेवर सांगितलंत, फॉर्मवर तो रकाना मी रिकामाच सोडला होता. उद्या भरून देते.

पुस्तिका ४८ पानांवर बसली. पहिलं प्रूफ आज आलं आणि ओळीवर_ओळ यांची शब्दांची यादी घेऊनच बसले. सतराव्या पानावर ‘दुसऱ्या’ फुटलेला सापडला. तो सारांश जुन्या फाँटमधून आलेला होता, म्हणून त्या गृहस्थांकडून युनिकोडमध्ये परत मागवलाय. सोमवारी दुसरं प्रूफ.