यूआयचा टेस्ट प्लॅन: कामाचा की फाइलीपुरता?

खिडकीतला_किडा: परवा आमचं रिलीज झालं. नोंदणीच्या फॉर्मसाठी एक्सेलमध्ये २१२ टेस्ट केसेस (काय तपासायचं याची एकेक ओळ), सगळ्या हिरव्यागार, म्हणजे पास. पहिल्याच दिवशी तक्रार आली: मोबाइलवर कीबोर्ड उघडला की ‘पुढे’ बटण त्याच्याखाली दडतं आणि स्क्रीन वर सरकतच नाही. २१२ ओळींत कीबोर्डचा उल्लेख नाही; बटण निळं आहे का, हे मात्र चारदा तपासलंय! स्क्रीन दर पंधरवड्याला बदलते, शीट तिथंच. माझं मत विचाराल तर यूआयसाठी, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणाऱ्या स्क्रीन-बटणांसाठी, लेखी प्लॅन म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. चांगला टेस्टर बघा आणि दोन तास मोकळा सोडा.

चेकलिस्टकाकू: भाजी खारट झाली म्हणून चूल मोडता का? तुमच्याकडे केसेसची यादी होती, प्लॅन नव्हता. सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कागदपत्रांचं आयईईई ८२९ हे मानक १९८३ चं. त्यातल्या प्लॅनमध्येसुद्धा काय तपासणार *नाही* आणि काम कधी थांबवायचं, याला जागा होती. तुमच्या शीटमध्ये आहे? शिवाय ४ ब्राउझर, ३ स्क्रीन आकार, २ भाषा म्हणजे २४ जोडण्या. पेअरवाइज मांडणी केली, म्हणजे तिन्ही एकदम न धरता दोन-दोन गोष्टींच्या जोड्या बघितल्या, तर १२ मध्ये प्रत्येक जोडी एकदा तरी येते. हे मोकळं सोडलेल्या टेस्टरला आपोआप सुचत नाही, आधी बसून मांडावं लागतं.

उंडगा_टेस्टर: काकू, मांडणी तुम्हाला जे आधीच माहीत आहे त्याचीच होते. आमच्याकडे नव्या आलेल्या मुलीने सहज नावाच्या रकान्यात ‘श्रीकृष्ण’ टाइप केलं. मर्यादा ८ अक्षरांची (कोणी ठरवली, देव जाणे). डोळ्यांना अक्षरं दिसतात तीन, पण युनिकोडच्या (संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीच्या) हिशेबात श, ्, र, ी असं मोजत ती ९ भरतात. शेवटचा ‘ण’ गळाला आणि ‘श्रीकृष्’ सेव्ह झालं. हे कुठल्या प्लॅनमध्ये होतं?

चेकलिस्टकाकू: नव्हतं, मान्य. पण सापडल्यावर लिहिलं कुठे?

उंडगा_टेस्टर: बग नोंदवला, बंद झाला.

चेकलिस्टकाकू: आणि ती मुलगी?

उंडगा_टेस्टर: गेल्या महिन्यात दुसरीकडे गेली. …पत्त्याच्या रकान्याचं कोणी बघितलंय का, ते आता विचारतो.

खिडकीतला_किडा: मधे पडतो. मोकळं सोडा म्हणजे वाऱ्यावर सोडा असं नव्हे. एक्सप्लोरेटरीतही, म्हणजे वापरत-शोधत केलेल्या टेस्टिंगमध्येही, चार्टर असतो: “आज फक्त कीबोर्ड, स्क्रीन आडवी करणं आणि मधेच फोन येणं, दीड तास.” एवढी एक ओळ मी लिहायला तयार आहे.

चेकलिस्टकाकू: अशा दहा ओळी लिहा, एका पानात बसतील. वर तारीख घाला आणि जुनी झालेली ओळ खोडत जा. मी तरी यालाच प्लॅन म्हणते.

खिडकीतला_किडा: क्लायंटला पान नको असतं हो काकू, त्याला २१२ चा आकडा हवा असतो. त्याला तुम्ही समजावता का?