नवऱ्यापासून वेगळं राहत असताना अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज: तीन वर्षांवर करावा की पाच?

सई_एडिसन: प्रश्न मावसबहिणीचा, मत माझं. नवरा जन्माने अमेरिकन नागरिक. लग्नावर मिळालेल्या ग्रीन कार्डाला साडेतीन वर्षं झाली, सुरुवातीचं कार्ड दोन वर्षांच्या अटीवरचं होतं, ती अटही दोघांनी मिळून आय-७५१ हा फॉर्म भरून केव्हाच काढून घेतली. आठ महिन्यांपूर्वी तो भांडून डॅलसला निघून गेला. घटस्फोटाचा अर्ज कोणीच केलेला नाही. लग्न कायद्याने शाबूत आहे, टॅक्स एकत्र भरतात, मग नागरिकाच्या जोडीदाराला पाचऐवजी तीन वर्षांवर अर्ज करू देणाऱ्या नियमाखाली तिने एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, का भरू नये? त्याच्या लहरीवर तिचं नागरिकत्व का टांगायचं?

वकील_नव्हे: असहमत. लग्न शाबूत असणं पुरेसं नाही. अर्जाआधीची सलग तीन वर्षं नागरिक जोडीदारासोबत प्रत्यक्ष नांदत असायला हवं. फॉर्ममध्येच नवऱ्याचा पत्ता विचारतात. तिथे डॅलस लिहिलं की मुलाखतीत पुढचा प्रश्न ठरलेला, आणि तिचाच एडिसनचा पत्ता लिहिला तर खोटं. शपथेवर खोटं बोलल्याचं सिद्ध झालं तर नागरिकत्वासाठी लागणारी 'चांगल्या चारित्र्या'ची अटच मोडते आणि पाच वर्षांवाला अर्जही अडकतो.

सई_एडिसन: खोटं लिही असं मी कुठे म्हटलं? कोर्टाने विभक्त ठरवलं असेल तर गोष्ट वेगळी. नुसतं वेगळं राहत असतील तर अधिकारी प्रत्येक प्रकरण स्वतंत्र बघतो, हे नियमातच आहे. नोकरीसाठी दोन शहरांत राहणारी कितीतरी जोडपी आहेत की.

वकील_नव्हे: ती नोकरीसाठी. इथे तो भांडून गेलाय, हे तुम्हीच वर लिहिलंय. शिवाय अर्ज दिल्यावर शपथविधीच्या आधी घटस्फोट झाला तरी तीन वर्षांचा आधार जातो. ऑनलाइन अर्जाचे ७१० डॉलर परत मिळत नाहीत ते वेगळंच.

कोल्हापुरी_कट्टा: नियम बरोबरच आहे, शिव्या घाला हवं तर. बाकीच्या ग्रीन कार्डवाल्यांना पाच वर्षं थांबावं लागतं. नागरिकाशी संसार करताय म्हणून सवलत दिली, संसार थांबला की सवलतही थांबली. यात अन्याय कुठे आला?

रेवा: कोल्हापुरी, संसार कोणी थांबवला हे कायदा विचारत नाही, अन्याय तिथे आहे. आमच्या ओळखीतली एक जण 'कार्ड मिळू दे, तीन वर्षं होऊ दे' म्हणत नवऱ्याचं वाट्टेल ते ऐकून घेत राहिली. सासूबाई फोनवर सांगायच्या, जरा सोस. पायात बेडी घालायची आणि वर सवलत म्हणायचं!

कोल्हापुरी_कट्टा: मारहाण किंवा छळ असेल त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे ना?

रेवा: आहे, पण त्या आधारावर ग्रीन कार्ड मिळालेलं असावं लागतं किंवा दोन वर्षांची अट त्या कारणावरून काढून घेतलेली असावी लागते. मग सोबत राहण्याची अट नाही. सईच्या बहिणीने आय-७५१ नवऱ्यासोबत भरलाय. आणि अबोला धरून घर सोडणाऱ्याला कोणत्या रकान्यात बसवणार?

अटलांटाचा_अण्णा: भांडताय कशाला? पाच वर्षांच्या नियमात नवरा पात्रतेच्या हिशेबात येतच नाही. पाच वर्षं कार्डाच्या तारखेपासून मोजतात, अटीची दोन वर्षं त्यातच धरून, आणि ९० दिवस आधी अर्ज देता येतो. म्हणजे राहिलं सव्वा वर्ष. तोवर नोकरी, प्रवास, अगदी घटस्फोटसुद्धा, काही अडत नाही. फक्त पाच वर्षांत एकूण ३० महिने अमेरिकेत असायला हवी, आणि आईकडे पुण्याला जाऊन सहा महिन्यांहून जास्त राहू नये, सलग वास्तव्याचा प्रश्न निघतो. लग्न खरं होतं याचे कागद मात्र जपून ठेवावेत: घराचा भाडेकरार, बँकेचं जॉइंट खातं, विमा. ग्रीन कार्ड कसं मिळालं ते तेव्हाही विचारू शकतात.

सई_एडिसन: अण्णा, हिशेब पटतो. पण सव्वा वर्षात तो परत आला आणि 'तुझ्यासाठीच आलो' म्हणाला तर? ती विरघळणारी आहे.

रेवा: येऊ दे. पाच वर्षांच्या अर्जावर त्याची सही लागत नाही.

कोल्हापुरी_कट्टा: आणि ओसीआयचं, म्हणजे परदेशी नागरिकांना भारतात येण्या-राहण्यासाठी मिळणाऱ्या कार्डाचं काय? भारतानेही नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला लग्नावर दिलेलं ओसीआय घटस्फोटानंतर रद्द करता येतं. मग एकट्या अमेरिकेला का झोडपताय?

रेवा: दोघांनाही झोडपते. त्यासाठी वेगळा धागा काढा.