स्कॉटलंड रोडचे पब

लिव्हरपूलच्या स्कॉटलंड रोडवरील पब लोकांचे पिणे कमी झाल्यामुळे बंद पडले, हे नेहमी ऐकू येणारे मत मला पटत नाही. पबांच्या आधी त्यांची गिऱ्हाइकेच तिथून हलवली गेली. १८४० च्या दशकातील दुष्काळामुळे आलेल्या आयरिश कुटुंबांनी ही वस्ती इतकी भरली होती की, टी. पी. ओकॉनर हे आयरिश राष्ट्रवादी नेते १८८५ पासून १९२९ मध्ये निधन होईपर्यंत येथूनच पार्लमेंटमध्ये निवडून जात राहिले. गोदीतले काम बेभरवशाचे, रोजंदारीचे आणि घरे कोंदट, माणसांनी गच्च भरलेली. अशा ठिकाणी कोपऱ्यावरचा पब ही कामगाराची बैठकीची खोलीच होती, आणि हे विसरून केवळ व्यसनाचा हिशेब मांडणे मला अन्यायाचे वाटते. पुढे जुन्या वस्त्या पाडून अनेक कुटुंबांना कर्बीसारख्या दूरच्या वसाहतींत पाठवले गेले आणि १९७१ मध्ये खुल्या झालेल्या मर्सी नदीखालच्या किंग्जवे बोगद्याच्या जोडरस्त्यांनी उरलेला परिसरही चिरला. जवळच्या एल्डन स्ट्रीटच्या रहिवाशांनी मात्र एकत्र राहण्याचा हट्ट धरला आणि १९८१ मध्ये बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या जागेवर सहकारी तत्त्वावर घरे उभारली.