‘नेस्टेड स्ट्रक्चर’ : पेटारचना, पोटरचना की आणखी काही?

दांडियाबाजारकर : पायथन या संगणकभाषेतल्या स्क्रिप्टमधून विंडोजच्या लायब्ररीतली फंक्शने कशी वापरावीत, यावर बडोद्यातल्या काही मराठी विद्यार्थ्यांसाठी मी टिपणे लिहीत आहे. उदाहरण ‘विंडोप्लेसमेंट’ या स्ट्रक्चरचे, म्हणजे खिडकीच्या जागेची माहिती ठेवणाऱ्या रकान्यांच्या गटाचे घेतले आहे. या स्ट्रक्चरमध्ये आधी प्रत्येकी चार बाइटांचे तीन साधे आकडे, मग दोन ‘पॉइंट’ (बिंदूचे दोन आकडे) आणि शेवटी एक ‘रेक्ट’ (चौकटीच्या चार कडांचे आकडे) येतो. म्हणजे १२, १६ आणि १६ मिळून ४४ बाइट, आणि हा आकार पहिल्याच रकान्यात आपणच भरून द्यायचा असतो. पायथनच्या ‘सीटाइप्स’ या मोड्यूलमध्ये आतली स्ट्रक्चरे आधी घोषित करून मग ती बाहेरच्याच्या यादीत लिहावी लागतात. स्ट्रक्चरच्या आत स्ट्रक्चर असलेल्या, म्हणजे इंग्रजीत ‘नेस्टेड’ म्हणतात अशा मांडणीला मी ‘पेटारचना’ म्हटले, तर पुण्याच्या एका संपादकांनी शब्द खोडून समासात ‘हा गुजराती’ असा शेरा मारला. आपल्याला काय वाटते?

रावपुरेकर : शेरा योग्यच आहे. पोटकलम, पोटनियम, सातबाऱ्यावरचा पोटहिस्सा असे शब्द मराठीत रुळलेले असताना ‘पेटा’ कशाला? गुजरातीतली ‘पेटाचूंटणी’ (पोटनिवडणूक) रोज वाचून आपली जीभ तिकडे वळते, एवढेच. ‘पोटरचना’ लिहावे.

जुना अनुवादक : जीभ वळली तर बिघडले काय? शिवाय आमच्या वडिलांच्या मते हा ‘पेटा’ पेटीवरून आला आहे. पेटीच्या आत पेटी हीच तर इथली कल्पना आहे.

रावपुरेकर : वडिलांविषयी आदर राखून सांगतो, गुजरातीत ‘पेट’ म्हणजे पोट. पेटीचा इथे काही संबंध नाही.

दांडियाबाजारकर : व्युत्पत्ती कोणतीही असो, माझी खरी अडचण पुढेच आहे. आतले स्ट्रक्चर कधी प्रत्यक्ष आत असते, तर कधी आत फक्त त्याचा पत्ता, म्हणजे पॉइंटर असतो आणि मूळ वस्तू मेमरीत दुसरीकडेच असते. विद्यार्थ्याने ‘पॉइंट’च्या जागी ‘पॉइंट’चा पॉइंटर घोषित केला, तर ६४ बिटी पायथनमध्ये दोहोंचा आकार ८ बाइटच भरतो, म्हणून चूक चटकन दिसत नाही. मात्र पॉइंटरला आठाच्या पटीतली जागा लागत असल्यामुळे तो १२ऐवजी १६व्या बाइटवर बसतो, ‘रेक्ट’ २८वरून ३२वर सरकतो आणि एकूण आकार ४८ होतो. विंडोजने ४४ बाइटांच्या हिशेबाने भरलेली माहिती या साच्यातून वाचली, की खिडकीच्या डाव्या कडेच्या रकान्यात वरच्या कडेचा आकडा मिळतो. ‘पोटरचना’ हा शब्द या दोन प्रकारांत फरक करू देतो का?

मांडवीकर : करू देत नाही, कारण ‘पोट’ म्हणजे आत असे मराठीत नेहमी नसतेच. पोटभाडेकरू घरात राहतो हे खरे, पण पोटनिवडणूक कशाच्या पोटात असते? पहिल्या प्रकाराला ‘समाविष्ट’ आणि दुसऱ्याला ‘पत्त्याने जोडलेले’ असे सरळ लिहावे, आणि ‘नेस्टेड’ तसाच ठेवावा. स्क्रिप्ट, लायब्ररी, पॉइंटर हे सगळे चालवून घेतल्यावर एकट्या ‘नेस्टेड’वरच सोवळे का?

जुना अनुवादक : ‘पेटा’ परका ठरवण्याआधी एक लक्षात घ्यावे. मुंबई इलाख्याच्या कागदांत ‘मोखाडा पेटा’ आहे, आणि बडोदे संस्थानात तर पेटामहाल होतेच. तालुक्याचा पोटविभाग या अर्थाने हा शब्द मराठी दप्तरात मुरलेला आहे. संपादकांनी जुने महसुली कागद चाळावेत.

रावपुरेकर : दप्तरातला शब्द संगणकाच्या टिपणांत कोणाला कळणार? आणि पेटामहाल तालुक्याखाली असला, तरी त्याची कचेरी वेगळी असे. म्हणजे आपल्याच दाखल्याने ‘पेटा’ हा शब्द पत्त्याने जोडलेल्या प्रकाराला लागू होतो, समाविष्ट प्रकाराला नव्हे.

जुना अनुवादक : कचेरी वेगळी असली तरी गावे तालुक्याच्याच हद्दीत मोजत. हद्द धरायची की कचेरी, हे आधी ठरवा.

दांडियाबाजारकर : ते ठरेपर्यंत टिपणांत मी ‘समाविष्ट स्ट्रक्चर’ लिहितो. स्ट्रक्चरच्या आत एकाच प्रकारच्या स्ट्रक्चरांची रांग, म्हणजे स्ट्रक्चरांचा अ‍ॅरे आला तर काय म्हणावे, तेही कोणी सुचवले तर बरे होईल.

रावपुरेकर : ते नंतर पाहू. हद्दीचा मुद्दा मला मान्य नाही.